रसायन वितरणातील शाश्वत पद्धती

उत्पादक आणि वापरणारा यांच्यामधला वितरक रसायने घाऊक घेतो, साठवतो, लहान पिंपांत भरतो आणि पोचवतो. गळती, वाफा, दूषित पिंपे आणि वाहतुकीचे इंधन हा या व्यवसायाचा पर्यावरणावरील मुख्य भार होय. भोपाळ दुर्घटनेनंतर, 1985 मध्ये कॅनडात ‘रिस्पॉन्सिबल केअर’ हा उत्पादकांचा स्वयंशिस्तीचा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेतील वितरकांनी 1991 मध्ये स्वतःची आचारसंहिता स्वीकारली.

सर्वांत मूलगामी पद्धत म्हणजे रसायन भाडेकरार. एरवी जितके किलो खपेल तितका विक्रेत्याचा फायदा, त्यामुळे काटकसर शिकवण्यात त्याला रस नसतो. या करारात मोबदला कामावर ठरतो : किती पृष्ठभाग रंगवला, किती सुटे भाग स्वच्छ झाले. मग रसायन वाचवणे दोघांच्याही हिताचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने (युनिडो) 2004 पासून ऑस्ट्रियाच्या साहाय्याने याचा प्रसार केला. इजिप्तमधील एका मोटार कारखान्यात विद्रावकाचा पुरवठादार प्रत्येक गाडीमागे पैसे घेऊ लागला आणि वापरलेले विद्रावक परत नेऊ लागला. जर्मनीत क्लोरीनयुक्त विद्रावके दुहेरी भिंतींच्या बंदिस्त टाक्यांतून देऊन तशाच टाक्यांतून परत घेतली जातात.

भारतात घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. ती परवानाधारक केंद्रातच धुवावी लागतात. अशी पिंपे घरगुती पाणी साठवण्यासाठी विकली जाणे अत्यंत धोकादायक असून, ती परत घेण्याची जबाबदारी वितरकानेच उचलायला हवी.