खुराक कोणाच्या वाट्याला?

घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार ओळखला जातो तो म्हशींसाठी. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग कास चाचपतं, कितवं वेत आहे ते विचारतं, आणि दोन वेळचं दूध किती हे ठरल्यावर रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. त्या दुधाचं घरी काय होतं, कोणाच्या पेल्यात किती पडतं, हे बाजारात कोणी विचारत नाही. मी नेवासे तालुक्यात पी.टी.चा मास्तर होतो. निवृत्तीनंतर म्हाताऱ्या माणसांकडून, त्यातही आजीबायांकडून, व्यायाम करून घेतो, आणि मला आता सगळ्यात आधी हेच विचारावं लागतं.

आमच्या भागात दुधाच्या वाटणीचा एक जुना रिवाज होता. ज्या घरातला पोरगा तालमीत जाई, त्या घरात पहिली धार त्याची. मारुतीच्या देवळाशेजारची तालीम, ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली लाल माती, पहाटेच्या जोर-बैठका, आणि वस्तादाने ठरवून दिलेला खुराक: दूध, तूप, ऐपत असेल तर बदाम. जत्रेच्या हगाम्यात पोरगा चितपट कुस्ती मारून आला की खुराकाचं चीज झालं. म्हशीला वैरण घालणारी, धार काढणारी त्याची आई मात्र कोऱ्या चहात भाकरी बुडवून खायची. माझ्या घरीही असंच होतं. तिला कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नव्हतं. ताकद ही तरण्या गड्याची गरज, असंच सगळे मानत, तीही मानायची. साठी उलटलेल्या बापालाही लग्न झालेला मुलगा सांगे, आता बसून खा. त्यात माया होती. पण त्या बसण्यानेच मांड्या वाळत.

पुढे मुळा धरणाचा उजवा कालवा नेवाशाकडे आला, ऊस आला, संकरित गाई आल्या, आणि दूध पेल्यातून कॅनमध्ये गेलं. रानातला हुलगा, मटकी कमी झाली. म्हाताऱ्यांच्या पोटात जाणारं हुलग्याचं माडगं तेव्हापासून चुलीवरून उतरलं ते उतरलंच. पैसा आला, शाळा शिकलो, हे मी नाकारत नाही. पण प्रथिनांचा हिशेब म्हाताऱ्यांच्या अंगावर निघाला.

व्यायाम म्हातारपणापर्यंत न्यायचा, आणि बायकांनीही करायचा, असं ठासून सांगणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला: औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951). आधी ते सँडो या पाश्चात्त्य बलवानाच्या पद्धतीने डंबेल्स करत. पुढे सूर्यनमस्काराकडे वळले, ते उतारवयातही सोडले नाहीत. राणीसाहेब, मुलंबाळं, संस्थानातल्या शाळा, सगळ्यांना त्यांनी नमस्कार घालायला लावले. नमस्कार शाळांतून सगळीकडे पोचला, उतारवयाची गोष्ट मात्र औंधातच राहिली.

वयाने स्नायू झिजतात याला ‘सार्कोपेनिया’ हे नाव 1989 साली अर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे वजन उचलायला लावलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. 1994 साली शंभर जणांवर पुन्हा अभ्यास झाला आणि त्यातून कळलं की नुसत्या पूरक आहाराने ताकद वाढत नाही, व्यायाम हवाच. आमचे वस्ताद हेच सांगत, फक्त विशीतल्या पोरांना.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जपानमधल्या मात्सुमोतोचा अभ्यास, 2017 साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या वयस्क बायका तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं सावकाश अशा आलटून-पालटून चालत. काहींना त्यावर दुधाचे पदार्थ दिले. पाच महिन्यांनी ज्यांना जास्त दिले त्यांच्या मांड्यांत जोर आला. शिवाय एक गोष्ट रक्तात दिसली. म्हातारपणी शरीरात बारीक दाह सतत धुमसत असतो. प्रतिकारशक्तीची काही जनुकं विनाकारण जागी राहतात, आणि हा दाह स्नायूही खातो. दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी जनुकांवर या बायकांत मिथिलच्या रासायनिक खुणा वाढल्या होत्या. अशा खुणा वाढल्या की जनुक सहसा थंडावतं. अभ्यास लहान होता, मोजक्या बायकांचा. तरी म्हशींच्या गावात राहून मी तो कसा विसरू?

यावर लोक मला म्हणतात, आमच्या बायांना व्यायाम कशाला, जन्मभर खुरपलंय. कांद्याच्या गोण्या वाहणारे आमचे हमाल पाहा: जन्मभर ओझं, आणि म्हातारपणी गुडघे-कंबर गेलेली. कष्टात ओझं शेठ ठरवतो, विसावा मिळत नाही. तालमीत ओझं अंगाला पेलेल तसं हळूहळू वाढतं आणि मागे खुराक असतो. म्हणून आम्ही खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करतो, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलतो, चालतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना दूध-डाळ वाढवण्याआधी डॉक्टरांकडे धाडतो.

सध्या हे सगळं समाजमंदिराच्या ओट्यावर चालतं. पावसाळ्यात बंद पडतं. जवळची तालीम पोरं व्यायाम करून गेली की दुपारपर्यंत मोकळी असते. बायका आत कशा येणार, असं दोघा-तिघा जुन्या पैलवानांनी विचारलं. मी त्यांना त्यांच्या आयांची नावं घेऊन विचारलं, तुमच्या खुराकाची धार कोण काढत होतं? किल्ली अजून मिळालेली नाही, पण बैठक ठरली आहे.