पोलादी छर्रे व जुन्या बंदुका
पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाऐवजी वापरावयाचे, वस्तुतः मृदू लोखंडाचे छर्रे. दलदलीत पडलेले शिशाचे छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात. ते पेषणीत झिजून पक्ष्यांना विषबाधा होते. फ्रँक बेलरोझ यांनी १९५९ मध्ये या हानीचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९१ पासून या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर निषिद्ध झाले. शिशाचे छर्रे नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनातून (चोक) जाताना दबतात. पोलादी छर्रे दबत नाहीत. त्यामुळे जुन्या बंदुकांच्या पातळ, मऊ नळ्या तेथे फुगण्याचा वा आतून ओरखडल्या जाण्याचा संभव असतो. शिवाय पोलादाची घनता (७·८) शिशाहून (११·३) कमी असल्याने छर्रे अधिक मोठे घ्यावे लागतात. जुन्या बंदुकांसाठी बिस्मथाचे छर्रे अधिक सुरक्षित, पण महाग असतात.