सरकती सूचनापट्टी

संकेतस्थळावर उजवीकडून डावीकडे सरकणारी सूचनापट्टी 'मार्की' नावाच्या खुणेने तयार होते. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने ही खूण रूढ केली. मजकुराच्या दोन्ही टोकांना ती लिहिली की पट्टी धावू लागते. वेग ठरवून दिला नसेल, तर दर ८५ मिलिसेकंदांना ती ६ पिक्सेल पुढे सरकते. म्हणजे ८०० पिक्सेल रुंदीच्या पट्टीतून १६०० पिक्सेल लांबीची सूचना पूर्ण जाण्यास सुमारे ३४ सेकंद लागतात. जबलपूर येथे १९५६ पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे. बालाघाट किंवा मंडल्याच्या पक्षकाराला सुनावणीची बदललेली तारीख अशा पट्टीत शोधावी लागली आणि ती नजरेतून निसटली, तर पुढील फेरीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. तारखेसारखा मजकूर स्थिर ओळीतच असणे इष्ट. सावकाश वाचणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते. म्हणूनच वेब सुगम्यतेच्या २००८ मधील जागतिक निकषांनी, आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुरासोबत हलणारी पट्टी थांबवण्याची सोय आवश्यक ठरवली. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या २००९ मधील मार्गदर्शक सूचनाही याच निकषांवर आधारलेल्या होत्या. एचटीएमएल ५ ने 'मार्की' कालबाह्य ठरवली. आता हे काम सीएसएसद्वारे केले जाते. त्यात माऊस वर नेताच पट्टी थांबवता येते, मात्र केवळ कळफलक वापरणाऱ्यांसाठी 'थांबवा' हे बटण स्वतंत्रपणे द्यावे लागते.