टूथपेस्ट निवडताना : मशेरीचा डबा, गावचे पाणी आणि ट्यूबवरचा बारीक मजकूर

बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले तरी तिथल्या असंख्य घरांतली बोली, सोयरीक आणि बाजारहाट खानदेशाशी जोडलेली आहे. तापीकाठचे हे शहर 2003 मध्ये खंडव्यापासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठाणे झाले. जळगाव जिल्ह्यातले रावेर तिथून जवळच. माझी आत्या लग्न होऊन तिथे गेली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की पहाटे तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र वास यायचा. भाजून काळीभोर झालेली ती पूड, म्हणजे मशेरी, बोटावर घेऊन घरातल्या दोघी-तिघी बायका अर्धा-अर्धा तास ओट्यावर बसून असत. ते दात घासणे नव्हते हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

गेल्या वर्षी आत्याच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. दंतवैद्याने मशेरी त्याच दिवशी बंद करायला सांगितली. मग घरात प्रश्न आला, आता दात कशाने घासायचे? मोरीच्या फळीवर तीन ट्यूब होत्या : नातवाची गोड, गुलाबी, सुनेची कोळशाची काळी, आणि एक वनौषधींची. तिघींच्या वेष्टनावर दातांच्या आरोग्याचे आश्वासन होते. यातली रोजची कोणती, हे ठरवायला कोणाकडेच निकष नव्हता. आपल्याकडे गोव्यातही बहुतेक घरांत हीच स्थिती असते, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने.

आधी मशेरीबद्दल, कारण टूथपेस्टच्या निवडीत तिचे स्थान आपण समजतो त्याहून मोठे आहे. मशेरीने दात स्वच्छ होतात, दुखणारी दाढ थांबते, पोट साफ होते, अशी समजूत खानदेशात, कोकणात आणि गोव्यातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दाढ थोडा वेळ बधिर होते हे खरे. पण ते काम निकोटिनचे. दुखणे झाकले जाते आणि कीड आत पोखरत राहते. शिवाय सवय लागते. सकाळी एकदा लावणारी बाई काही वर्षांत दिवसातून चार-पाच वेळा लावू लागते. तोंडाचा कर्करोग आणि गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या स्त्रियांची कमी वजनाची बाळे, हे तिचे परिणाम वैद्यकाला चांगले परिचयाचे आहेत. गोव्यात हीच तंबाखू एके काळी ट्यूबमध्ये भरून ‘क्रीमी स्नफ’ या नावाने मिळत असे आणि ती दात घासण्याची पेस्ट म्हणूनच वापरली जाई. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. पण कायदा कारखान्यापर्यंत पोहोचतो. घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

आता पेस्टकडे. दात स्वच्छ करण्याचे मुख्य काम ब्रशचे असते, पेस्टचे नव्हे. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर ब्रशच्या केसांनी निघतो. पेस्टमधला घर्षक, बहुधा कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूची जात किंवा सिलिका, त्याला मदत करतो. फेस आणणारे द्रव्य, गोडी आणि पुदिन्याचा वास ही सगळी रोजच्या कामाला गोडी यावी म्हणून केलेली योजना. जास्त फेस म्हणजे जास्त सफाई नव्हे. उलट काही जणांना फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटने वारंवार तोंड येते. अशांनी ते नसलेली पेस्ट वापरून पाहावी.

ज्याच्यासाठी पेस्ट घ्यावी असा घटक एकच, फ्लोराइड. आपण काही गोड वा पिठूळ खाल्ले की थरातले जिवाणू त्याचे आम्ल करतात. तोंडातली आम्लता सामू 5.5 च्या खाली गेली की दाताच्या वरच्या आवरणातली, एनॅमलमधली, खनिजे विरघळू लागतात. लाळ हळूहळू ती पुन्हा भरून काढते. ही झीज-भर दिवसभर चालू असते. लाळेत फ्लोराइड असले की भर अधिक वेगाने होते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी आणि दराबा यांची आठवण इथे अपरिहार्य आहे. जेवणाबरोबर दोन जिलेब्या खाल्ल्या तर दातांवर एकदाच हल्ला होतो. तीच जिलेबी दुपारभर तुकड्या-तुकड्याने खाल्ली तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दात जास्त लक्षात ठेवतात.

भारतातल्या नियमानुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण 1000 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा, जास्त असता कामा नये. आणि हा आकडा तसेच वापराची अंतिम तारीख ट्यूबवर व खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. म्हणून दुकानात उभे राहून शोधायचे ते हेच. मोठ्या अक्षरांतल्या घोषणा सोडून द्याव्यात आणि मागची बारीक ओळ वाचावी. तिथे ‘सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट 0.76 टक्के’ किंवा ‘सोडियम फ्लोराइड 0.22 टक्के’ असे आढळले तर दोन्हींचा हिशेब सुमारे 1000 पीपीएमच होतो. यात एक बारकावा आहे. सोडियम फ्लोराइड खडूच्या घर्षकाशी लगेच बांधले जाते आणि निरुपयोगी होते. म्हणून कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये मोनोफ्लुओरोफॉस्फेट घालतात आणि सोडियम फ्लोराइड सिलिकेबरोबर. जुन्या साठ्यातली, मुदत संपत आलेली ट्यूब स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण मोकळे फ्लोराइड काळाबरोबर घटत जाते. किमतीचा याच्याशी काही संबंध नाही. साधी पांढरी पेस्ट आणि तिच्या तिप्पट किमतीची पेस्ट यांतला हा आकडा बहुतेक वेळा सारखाच असतो.

‘पण फ्लोराइडने दात खराब होतात ना?’ हा प्रश्न बऱ्हाणपुरातही आला आणि तो अडाणीपणाचा मुळीच नव्हता. मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ, महाराष्ट्रातल्या यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड इतके असते की मुलांचे दात डागाळतात आणि पुढे हाडे ताठरतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. आता हिशेब करू. हजार पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असते. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम. ती मोठ्या माणसाने थुंकून टाकली तर पोटात जाते ते नगण्य. पण तोच माणूस 3 मिलिग्रॅमच्या कूपनलिकेचे दोन लिटर पाणी प्यायला तर रोज 6 मिलिग्रॅम. म्हणजे दोष शोधायचा असेल तर आधी पाण्यात शोधावा. बऱ्हाणपूरला पाण्याची परंपरा मोठी : अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला आणि त्याच्या कुंड्यांच्या भिंतींवर साचलेले चुन्याचे थर आजही दिसतात. चुना दिसतो, फ्लोराइड दिसत नाही, चवीला कळत नाही आणि उकळून जात नाही. स्वतःची कूपनलिका असणाऱ्याने, मग तो बऱ्हाणपूरचा असो की सांग्याचा, पाणी एकदा तपासून घ्यावे.

मुलांच्या बाबतीत मात्र पेस्टचाही विचार हवा. पक्के दात हिरडीखाली तयार होत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, फ्लोराइड गिळले गेले तर त्या दातांवर पांढरे डाग उमटू शकतात. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पसरलेली पेस्ट एक ग्रॅमच्या घरात जाते आणि लहान मूल त्यातली बरीचशी गिळते. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि ब्रशवर पेस्ट मोठ्यांनीच लावावी. गुलाबी, गोड पेस्टचा खरा धोका तिच्या चवीत आहे : मुलाला ती खाऊ वाटते. आत्याच्या नातवाची ट्यूब पंधरा दिवसांत संपायची, यावरून काय ते समजावे.

उरलेल्या दोन ट्यूबांविषयी थोडक्यात. कोळशाची पेस्ट डाग खरवडते, त्यामुळे दात काही दिवस उजळ दिसतात. पण रोज घासल्यास एनॅमल झिजण्याची भीती असते आणि झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. आपली जुनी राखुंडीही याच कारणाने मागे पडली. वनौषधींच्या पेस्टला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. ‘विको’च्या वज्रदंतीने 1952 पासून मराठी घरांत पाय रोवले. बाभूळ, लवंग, कडुनिंब हिरड्यांना बरे वाटण्यासाठी ठीकच, मात्र त्या पेस्टमध्ये फ्लोराइड आहे की नाही हे पाहावे, अनेकांत नसते. थंड-गरम लागल्यास पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट गुण देते, पण दोन ते चार आठवड्यांनी, आणि कळ एकाच दातात असेल तर पेस्ट न बदलता दवाखाना गाठावा. ट्यूबच्या शेपटावरची हिरवी, लाल, काळी पट्टी घटकांची खूण असल्याचा संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरतो. ती पट्टी कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापावी हे कळण्यासाठी असते. बाकी तिचा अर्थ शून्य.

वापराची रीत निवडीइतकीच महत्त्वाची. रात्री झोपण्यापूर्वी घासणे टाळू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. घासून झाल्यावर थुंकावे, पण खळखळून चूळ भरू नये. दातांवर उरलेले थोडे फ्लोराइडच पुढचे काम करते. आपल्या पिढीजात सवयीला हे सर्वांत अवघड जाते.

आत्याच्या फळीवर आता घरातल्या सर्वांसाठी एकच साधी पांढरी पेस्ट आहे, 1000 पीपीएमची. मशेरीचा डबा तिने फेकला नाही. धुऊन त्यात सुया-दोरे ठेवले आहेत. पहिले तीन आठवडे तिची चिडचिड घराने सोसली, सुनेने तिला सकाळी ओट्यावर बसायला बडीशेप दिली. चट्टा बारीक झाला आहे, नाहीसा झालेला नाही. दर तीन महिन्यांनी तो दाखवायचा आहे आणि पुढची तारीख दिवाळीच्या आधीची आहे.