सैनिकी शारीरिक क्षमता चाचण्या (पुणे)

सैनिकाचा दम, ताकद, चपळाई आणि वजन पाठीवर घेऊन हालचाल करण्याची कुवत ठरावीक निकषांवर तपासण्याची भारतीय सेनेतील पद्धत. ही तपासणी भरतीच्या मैदानावर सुरू होते आणि पुढे नोकरीभर होत राहते. भरती, अधिकारी व जवानांचे प्रशिक्षण, पीटी प्रशिक्षकांची घडण आणि लष्करी वैद्यक या सर्व अंगांच्या संस्था पुणे परिसरात असल्याने ही साखळी येथे एकाच शहरात पाहता येते.

भरतीची मैदानी चाचणी. पुण्याच्या सेना भरती कार्यालयाकडे पुणे, अहिल्यानगर, बीड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर हे जिल्हे येतात. सैन्यभरतीची अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली आणि २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी व मैदानी चाचणी नंतर असा क्रम झाला. मैदानी चाचणी १०० गुणांची असते. त्यांतले ६० गुण १.६ किमी धावण्याला आणि ४० गुण बीमला, म्हणजे पुलअप्सना असतात. धाव ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पूर्ण केल्यास पूर्ण गुण मिळतात. त्यापुढे वेळेच्या गटानुसार गुण उतरतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चार फेरे होतात आणि पूर्ण गुणांसाठी प्रत्येक फेरा सरासरी ८२ सेकंदांच्या आसपास मारावा लागतो. बीमवर १० पुलअप्सना ४० गुण, तर ६ पुलअप्सना १६ गुण मिळतात. हात पूर्ण सरळ करून हनुवटी दांड्याच्या वर न्यावी लागते. झोके घेऊन काढलेला पुलअप मोजला जात नाही. नऊ फुटी खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग तोल सांभाळणे यांना गुण नसतात, मात्र दोन्हींत उत्तीर्ण व्हावेच लागते. लष्करी पोलिसांतील महिला उमेदवारांना १.६ किमीसाठी पहिल्या गटात ७ मिनिटे ३० सेकंद मिळतात. त्यांना बीम नसतो. १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी असते.

बरीच मुले सैन्य आणि महाराष्ट्र पोलीस अशा दोन्ही भरतींची तयारी एकाच वेळी करतात. पोलीस भरतीतही १६०० मीटर धाव असते, पण तिच्या जोडीला १०० मीटर आणि गोळाफेक येते. त्यामुळे धावण्याचा सराव दोन्हीकडे उपयोगी पडतो, बीमची तयारी मात्र वेगळी करावी लागते.

सेवेतील चाचण्या. रुजू झालेल्या सैनिकाच्या दोन मुख्य चाचण्या होतात. पीपीटी (फिजिकल प्रोफिशियन्सी टेस्ट) हलक्या पोशाखात घेतली जाते. तिच्यात २.४ किमी धाव, १०० मीटर धाव, ५ मीटर शटल, पुशअप्स, सिटअप्स आणि चिनअप्स असतात. यांतले २.४ किमी म्हणजे दीड मैल. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६० च्या दशकात दमसास मोजण्यासाठी जी पद्धत रूढ केली, तिच्यातून हे अंतर जगभरच्या सैन्यांत पोहोचले.

बीपीईटी (बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट) ही लढाईच्या साजानिशी, रायफल घेऊन द्यायची चाचणी आहे. तिच्यात ५ किमी धाव, ६० मीटर धाव, उभा दोर चढणे, आडव्या दोरावरून सरकत जाणे आणि नऊ फुटी खड्डा हे टप्पे येतात. तिशीच्या आतील जवानाने ५ किमी २५ मिनिटांत पूर्ण केल्यास ‘एक्सलंट’ आणि २८ मिनिटांत केल्यास ‘सॅटिस्फॅक्टरी’ शेरा मिळतो. वय वाढेल तशी वेळेत सवलत मिळते, तशीच अतिउंच प्रदेशातही मिळते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने येथे उंचीची सवलत लागू होत नाही. भरतीत पूर्ण गुण मिळवणारा उमेदवार एक किलोमीटर सुमारे साडेतीन मिनिटांत कापतो. बीपीईटीत ‘एक्सलंट’साठी तेच अंतर ५ मिनिटांत पुरते. मापदंडातला हा फरक ओझ्यामुळे आणि लांबलेल्या अंतरामुळे पडतो. भरतीत अंगची कुवत पाहतात, तर सेवेत ती ओझ्याखाली किती टिकते ते पाहतात.

२०२४ मध्ये या तपासणीत १० किमी स्पीड मार्च, ३२ किमी रूट मार्च आणि ५० मीटर पोहण्याची चाचणी यांची भर पडली.

प्रशिक्षण. पलटणीत पीटी घेणाऱ्याला जवान ‘उस्ताद’ म्हणतात. हे उस्ताद घडतात पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमध्ये. येथे शिकून गेलेले प्रशिक्षक आपापल्या युनिटमध्ये कवायत घेतात, त्यामुळे चाचणी घेण्याची रीत सगळीकडे सारखी राहते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स केंद्रात अभियंता दलाचे नवे जवान तयार होतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षांच्या काळात कॅडेटला पीटीच्या चाचण्या पार कराव्या लागतात. त्यांत वारंवार मागे पडणारा कॅडेट एक सत्र खाली जाऊ शकतो. प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुली दाखल झाल्या आणि त्यांतील १७ जणींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. २००१ मध्ये सुरू झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटचे काम वेगळे आहे. तेथे ऑलिंपिकसारख्या स्पर्धांसाठी खेळाडू घडवले जातात. तेथील स्टेडियमला २०२१ मध्ये नीरज चोप्रा यांचे नाव देण्यात आले.

वैद्यकीय बाजू. चाचणीला बसण्याआधी सैनिकाची वैद्यकीय श्रेणी पाहिली जाते. ही श्रेणी ‘शेप’ पद्धतीने ठरते: मानसिक आरोग्य, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. पाचही बाबतींत तंदुरुस्त असलेला जवान ‘शेप-१’ असतो. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडावैद्यकाचे शिक्षण मिळते. नव्या भरतीतील जवानांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडे जाणे ही जगभरच्या सैन्यांतली जुनी तक्रार आहे. सवय नसताना धावणे आणि ओझे एकदम वाढवले की ती उद्भवते. म्हणून सरावात अंतर आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवतात.

निकषांचा बदलता रोख. अमेरिकी सेनेने जून २०२५ मध्ये आपली चाचणी पुन्हा बदलली आणि लढाऊ कामांसाठी स्त्री-पुरुषांना एकच मापदंड लावला. भारतीय सेनेतील २०२४ ची भर हेच दाखवते की निकष ठरवताना मोकळ्या अंगाने धावण्याच्या वेगापेक्षा रणांगणावर कराव्या लागणाऱ्या कामांकडे आता अधिक पाहिले जाते.