आपल्या उंचीची तलवार

आज जपानच्या तलवारीविषयी बोलू या. लढाईची नव्हे, सरावाची. शिकणारीच्या अंगाच्या मापाने करून घेता येते ती.

खऱ्या तलवारीने शिकायचे म्हणजे शिकता शिकताच बोटे गमवायची. म्हणून तिथले योद्धे, सामुराई, ओकच्या टणक लाकडाची तलवार वापरू लागले. तिला बोक्केन म्हणतात. तीही काही खेळणे नव्हे. मियामोतो मुसाशी या योद्ध्याने १६१२ साली एका बेटावर प्रतिस्पर्ध्याला लाकडी तलवारीनेच ठार केले. होडीच्या वल्ह्यातून ती तासली होती, असे सांगतात. मग अठराव्या शतकात अंगावर चिलखत आणि हातात बांबूच्या चार कांबी बांधलेली शिनाई आली. आता जोर लावून मारले तरी समोरचा जिवंत घरी जाऊ लागला.

आणि बायका? १८६८ च्या यादवी युद्धात ऐझू इथे नाकानो ताकेको ही विशीतली तरुणी काही बायकांना घेऊन लढली आणि गोळी लागून पडली. तिच्या हातात नागिनाता होती, म्हणजे लांब दांड्याला वाकडे पाते. पुढे मुलींच्या शाळांतही नागिनाता शिकवू लागले. ‘बायकांचे हत्यार’ म्हटल्यामुळे मुलींना मैदान मिळाले हे खरे, पण तलवार बराच काळ पुरुषांकडेच राहिली, असे आम्हाला वाटते.

१८७६ मध्ये सरकारने सामान्य माणसाला कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. १९४५ च्या पराभवानंतर परक्या फौजेने शाळांतून युद्धकला काढून टाकली. १९५२ साली केंदोची, म्हणजे शिनाईच्या खेळाची, देशपातळीवरची संघटना उभी राहिली. म्यानातून तलवार काढण्याची कला शिकणाऱ्यांसाठी जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, बिनधारेची इआइतो निघाली. दिसायला हुबेहूब तलवार, पण पात्यात लोखंड नाही.

आज केंदोच्या स्पर्धेत प्रौढ पुरुषाची शिनाई किमान ५१० ग्रॅमची लागते, बाईची ४४० ची. लांबी मात्र दोघांनाही जास्तीत जास्त १२० सेंटीमीटर. म्हणजे वजनाचा विचार झाला, उंचीचा आपला आपणच करायचा.

खुरप्याची मूठ हाताला बसली नाही तर दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तलवारीचेही तसेच. सरळ उभे राहून हात सैल सोडावा. हातातल्या तलवारीचे टोक जमिनीला टेकू नये, थोडे वर राहावे. सव्वापाच फुटांच्या आत असलेल्या बाईला इआइतोचे पाते साधारण ६८ ते ७० सेंटीमीटरचे पुरते. जपानी कारागीर ते शाकूत मोजतात. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटीमीटर. पाते लांब झाले तर ते म्यानातून पुरते निघतच नाही, मग खांदा ओढून काढावे लागते आणि खांदा दुखावतो. वजनही सुरुवातीला हलकेच बरे. पात्याच्या अंगावर खोल खाच पाडून घेतली की वजन उतरते.

मुठीची लांबी, तिच्यावरचा दोरा सुती की रेशमी, हाताच्या पुढची चकती, म्यानाचा रंग, सारे सांगून करून घेता येते. बघणाऱ्याचे मन आधी रंगात अडकते, तेच शेवटी ठरवावे. आधी शिकवणाऱ्या बाईंना किंवा गुरुजींना विचारावे, कारण प्रत्येक घराण्याची पद्धत वेगळी.

आणि तलवार हाती आली की पहिली पाहायची ती मुठीतली बांबूची खुंटी. पाते मुठीत धरून ठेवते ती एवढीशी खुंटीच. ती सैल झाली तर बिनधारेचे पातेही सुटून समोरच्या मुलीच्या अंगावर जाते. म्हणून जाणत्या बायका दर सरावाआधी ती अंगठ्याने दाबून पाहतात. शिनाई असेल तर तिच्या कांबींवरून बोट फिरवून कूस उठली नाही ना, हेही बघतात; ती डोळ्यात जाऊ शकते.