बीटल्सांची श्रेष्ठ तबकडी : एका वादाचा इतिहास

कालिदासाचें श्रेष्ठत्व ‘शाकुंतला’त पाहावें कीं ‘मेघदूता’त, यावर आपल्याकडील रसिकांनीं रात्रीच्या रात्री जागविल्या आहेत. असाच एक वाद पाश्चात्त्य संगीताच्या चाहत्यांत अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. लिव्हरपूलच्या जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार या चौघांच्या ‘बीटल्स’ नामक वाद्यवृंदाची सर्वोत्तम तबकडी कोणती, हा तो वाद होय. तबकडी म्हणजे येथें सुटें गाणें नव्हे. दोन्ही बाजूंवर विशिष्ट क्रमानें गुंफलेला गाण्यांचा संग्रह, ज्याला इंग्रजींत आल्बम म्हणतात. वरवर पाहणाऱ्यास हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. परंतु त्याचा इतिहास तपासला म्हणजे असें दिसतें कीं, वाद घालणाऱ्यांच्या हातीं बराच काळ एकच ग्रंथ नव्हता.

प्रथम मान मिळाला तो 1967 सालच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या तबकडीला. 1963 मध्यें आपल्या पहिल्या तबकडीवरील 14 पैकीं 10 गाणीं याच मंडळींनीं एका दिवसांत मुद्रित केलीं होतीं. पुढें 29 ऑगस्ट 1966 रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें जलसा करून त्यांनीं दौऱ्यांचा नाद सोडला, आणि नोव्हेंबरपासून सुमारें पांच महिने लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहांत ठाण मांडलें. एका कल्पित बँडपथकाचें सोंग घेऊन गाइलेली ही गीतमाला, वेष्टनावर छापलेले गीतांचे शब्द, सारेंच नवें होतें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें रिचर्ड गोल्डस्टीन या समीक्षकानें प्रतिकूल मत देतांच त्याच्यावर टीकेची झोड उठली. 1968 मध्यें वर्षांतील उत्तम तबकडीचें ग्रॅमी पारितोषिकही तिलाच मिळालें, आणि पुढें कित्येक वर्षें तिचें अग्रस्थान बहुतेकांनीं गृहीतच धरलें.

दुसरा पक्ष 5 ऑगस्ट 1966 रोजीं निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’चा. तींतील ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यांत चौघांपैकीं कोणाचेंच वाद्य नाहीं. आठ तंतुवाद्यकांची साथ आहे. ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्यें ध्वनिफितींचे तुकडे वर्तुळाकार जोडून फिरत ठेवले आहेत. ‘लव्ह यू टू’मध्यें अनिल भागवत यांचा तबला असून त्यांचें नांव वेष्टनावर छापलेलें आहे. ही तबकडी निघाल्यानंतर, सप्टेंबर 1966 मध्यें, हॅरिसन मुंबईस येऊन रविशंकरांपाशीं सतार शिकला. त्या शिकवणुकीचें फळ ‘सार्जंट पेपर’च्या दुसऱ्या बाजूच्या आरंभींच ऐकूं येतें. म्हणून या पक्षाचें म्हणणें असें कीं, बीं पेरलें गेलें तें ‘रिव्हॉल्व्हर’मध्यें, ‘पेपर’ हें त्याचें पीक होय.

आतां पाठभेदाकडे वळूं. इंग्लंडांत ‘रिव्हॉल्व्हर’वर 14 गाणीं होतीं, अमेरिकेंत 11 च. तेथील कॅपिटल कंपनीचा प्रघात असा कीं, प्रत्येक तबकडीवर गाणीं कमी ठेवावयाचीं आणि उरलेल्यांतून आणखी तबकड्या काढावयाच्या. लेननचीं तीन गाणीं जून 1966 मध्येंच ‘यस्टरडे अँड टुडे’ या निराळ्या संग्रहांत खर्ची पडलीं होतीं. परिणामीं इंग्लिश प्रतींत लेननचीं पांच गाणीं, तर अमेरिकन प्रतींत दोनच. हॅरिसनचीं मात्र तीनही कायम! गिटारचे उलटे सूर असलेलें ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’ही या गाळलेल्यांतच होतें. याउलट ‘सार्जंट पेपर’ दोन्ही देशांत एकाच गीतक्रमानें निघाली. म्हणजे अमेरिकन रसिक तुलना करी तेव्हां एका पारड्यांत अखंड ग्रंथ, तर दुसऱ्यांत पानें फाटलेली पोथी असे. 1987 मध्यें या तबकड्या कॉम्पॅक्ट डिस्कवर आल्या, तेव्हां इंग्लिश पाठ जगभर प्रमाण ठरला. हा दोष दूर होण्यास 21 वर्षें लागलीं.

त्यानंतर मतांचें पारडें फिरलें. कॉलिन लार्किन यांच्या 1000 श्रेष्ठ तबकड्यांच्या ग्रंथांत 1994 सालीं ‘पेपर’ पहिली होती. 1998 सालीं तें स्थान ‘रिव्हॉल्व्हर’नें घेतलें. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानें 2003 मध्यें ‘पेपर’ला पहिला क्रमांक दिला, 2020 मध्यें नव्यानें मतें मागविलीं, तेव्हां ती 24 वी ठरली, ‘रिव्हॉल्व्हर’ 11 वी, आणि 1969 सालची ‘ॲबी रोड’ 5 वी.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, इंग्लंडांत तर संपूर्ण पाठ पहिल्यापासूनच होता. मग तेथील मत कां बदललें? आक्षेप रास्त आहे. पाठभेद हें एक कारण झालें. दुसरें कारण काळ. 1967 चा उन्हाळा ज्यांनीं अनुभवला, त्यांना ‘पेपर’ ऐकतांना आपलें तारुण्यही ऐकूं येई. पुढच्या पिढीच्या वांट्यास केवळ सूर आले. तो उन्हाळा आला नाहीं. तिनें सुरांवरच निवाडा केला, हें स्वाभाविकच होय.

माझें मत विचाराल, तर मी 14 गाण्यांच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या बाजूनें कौल देईन, कारण तींत प्रत्येक गाणें स्वतंत्र वाटेनें जातें आणि तरीही कोणतेंही अनाठायीं वाटत नाहीं. तथापि ‘पेपर’चा एखादा वृद्ध अमेरिकन अभिमानी भेटला, तर त्याच्याशीं वाद घालण्यापूर्वीं मी एवढेंच विचारीन, ‘महाशय, तरुणपणीं आपण ऐकलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’वर गाणीं किती होतीं?’ तो अकरा म्हणाला, तर त्याच्या रसिकतेस दोष देण्याचें कारण नाहीं. राहिलेलीं तीन गाणीं त्यांच्या मूळ जागीं ठेवून सबंध तबकडी त्यास ऐकवावी, आणि मग खुशाल वादास बसावें.